जागा निघाल्यात म्हणे! सरकारी भरतीची जाहिरात वाचायची कशी

भाची सिन्नरहून आली ती मोबाइल पुढे धरूनच. "मामा, नाशिकमध्ये पाच हजार जागा निघाल्यात. बारावी पास, परीक्षा नाही, उद्या शेवटची तारीख. भरू का फॉर्म?"

कॉलेजच्या ग्रुपवर आलेला फॉरवर्ड होता. खात्याचं नाव नाही, जाहिरात क्रमांक नाही, पगार मात्र ठळक अक्षरात. खाली लिंक, आणि लिंक उघडली की 'नोंदणी शुल्क ४९९ रुपये'. मी विचारलं, "कुणाच्या जागा?"

"सरकारच्या."

"कुठल्या सरकारच्या?"

इथं ती अडली. टी.वाय.ला आहे, हुशार आहे, पण हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलाच नव्हता. बहुतेकांचं असंच असतं. अभ्यासिकेची फी भरलेली असते, पुस्तकांचा ढीग आणलेला असतो आणि आपल्याला नोकरी नेमकं कोण देणार आहे हेच माहीत नसतं. म्हणून तिला त्या संध्याकाळी जे सांगितलं, ते इथं जरा सविस्तर लिहितोय.

सरकार म्हणजे एकच मालक नव्हे

नाशिकरोडला उतरा आणि आजूबाजूला बघा. स्टेशन रेल्वेचं, म्हणजे केंद्राचं. विभागीय आयुक्त कार्यालय राज्याचं. १९२८ पासून नोटा छापणारी करन्सी नोट प्रेस आणि शेजारची इंडिया सिक्युरिटी प्रेस आता केंद्राच्या मालकीच्या एका महामंडळाकडे आहेत. इकडे शहरात सीबीएसजवळचं जिल्हाधिकारी कार्यालय महसूल खात्याचं, महापालिका आणि जिल्हा परिषद या स्थानिक संस्था, आदिवासी विकास आयुक्तालय पुन्हा राज्याचं. ओझरचा एचएएल हा विमानांचा कारखाना केंद्राच्या संरक्षण खात्याखाली. या प्रत्येक ठिकाणच्या कारकुनाला आपण 'सरकारी नोकर'च म्हणतो, पण प्रत्येकाची भरती वेगळ्या दारातून झालेली असते.

ती दारं थोडक्यात अशी. राज्याची मोठी पदं आणि मंत्रालयापासून खालपर्यंतची बरीच लिपिक पदं एमपीएससीकडे, म्हणजे राज्याच्या लोकसेवा आयोगाकडे. तलाठी (२०२४ पासून त्याचं नाव 'ग्राम महसूल अधिकारी'), जिल्हा परिषदेची गट-क पदं वगैरे 'सरळसेवा' भरती. ती खातं काढतं, पण परीक्षा टीसीएस किंवा आयबीपीएस घेते. पोलीस शिपाई भरती त्या त्या पोलीस घटकाकडे. केंद्राच्या कार्यालयांसाठी एसएससी (दहावीची नव्हे, केंद्राचा कर्मचारी निवड आयोग): पदवीवर सीजीएल, बारावीवर सीएचएसएल, दहावीवर एमटीएस. रेल्वेसाठी आरआरबी, म्हणजे रेल्वे भरती मंडळ. सरकारी बँकांसाठी आयबीपीएस आणि स्टेट बँकेची स्वतःची परीक्षा. प्रेस, एचएएल यांच्या जाहिराती त्यांच्या त्यांच्या संकेतस्थळावर येतात. अर्ज देशभरातून येतात, त्यामुळे 'नाशिककरांना प्रेसमध्ये आधी घेतात' ही कट्ट्यावरची समजूत सोडून द्या.

आता जागा निघतात म्हणजे काय होतं? कुणीतरी निवृत्त होतं, पद रिकामं होतं. ते भरायला शासनाची मान्यता लागते. मग येते बिंदुनामावली, म्हणजे त्या खात्यातली कितवी जागा कोणत्या प्रवर्गाची याचा तक्ता. आपल्याकडे तो विभागीय आयुक्त कार्यालयातल्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावा लागतो. त्यानंतर खातं मागणीपत्र पाठवतं आणि मग कुठे जाहिरात येते. पेपरात 'अमुक हजार पदे रिक्त' अशी बातमी येते तेव्हा यातली एकही पायरी झालेली नसू शकते. रिक्त जागा वेगळ्या, निघालेल्या जागा वेगळ्या. बातमी वाचून नोकरी सोडू नका आणि क्लासही लावू नका.

केंद्र आधी, राज्य नंतर

हे माझं मत आहे, आणि त्यामागे वयाचं साधं गणित आहे. महाराष्ट्रात बहुतेक राज्य पदांना खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गासाठी ४३ वर्षांपर्यंत दार उघडं असतं. केंद्राचं तसं नाही. सीएचएसएलला २७, बँकेच्या लिपिकाला २८, सीजीएलला पदानुसार २७ ते ३२. ओबीसींना ३ आणि एससी-एसटींना ५ वर्षांची सूट त्यावर मिळते. पोलीस शिपाई राज्याचं असलं तरी तिथंही खुल्याला २८ आणि मागासवर्गाला ३३.

आपल्याकडची मुलं नेमकं उलट करतात. पदवी झाली की राज्यसेवेला, म्हणजे एमपीएससीच्या मोठ्या पदांच्या परीक्षेला लागतात. २०२५ पासून तिची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे, ९ पेपर, १७५० गुण, वर २७५ ची मुलाखत. तीन-चार वर्षं त्यात जातात, मग 'कंबाइन (गट-ब, गट-क पदांची संयुक्त परीक्षा) बघू' म्हणतात, आणि तिशी आली की एसएससीची आठवण होते. तेव्हा ते दार जवळजवळ लागलेलं असतं. इंग्रजी आणि गणिताची भीती हे खरं कारण. पण एमटीएस मराठीतून देता येते, रेल्वेची परीक्षाही मराठीतून देता येते. बँकेच्या लिपिक पदाला तर राज्याची भाषा येणं हीच अट आहे, आणि ती आपली जमेची बाजू.

फीचाही धसका घ्यायचं कारण नाही. एसएससीला १०० रुपये, आणि मुलींना, एससी-एसटींना तेही नाहीत. रेल्वेला ५०० भरावे लागतात, पण पहिल्या परीक्षेला बसलात की ४०० परत येतात. २०२३ च्या तलाठी भरतीला मात्र खुल्यासाठी १००० आणि मागासवर्गासाठी ९०० रुपये होते, न परतणारे. महिन्याला दोन असे फॉर्म आले की घरून पैसे मागायची लाज वाटायला लागते, हे मी भोगलेलं आहे.

अजून शेवटच्या वर्षाला असाल तर

इथं सगळ्यात जास्त फॉर्म वाया जातात. 'शेवटच्या वर्षाला असलेले अर्ज करू शकतात का' याचं एक उत्तर नाही. एमपीएससीच्या पूर्व-मुख्य अशा पायऱ्या असलेल्या परीक्षांना शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी पूर्व परीक्षेला बसू शकतो, मुख्य परीक्षेचा अर्ज भरताना मात्र पदवी हातात हवी. सरळसेवेत बहुधा अर्जाच्या शेवटच्या दिवशी सगळी पात्रता पूर्ण हवी, एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही. एसएससीच्या जाहिरातीत एक निर्णायक तारीख छापलेली असते. त्या तारखेपर्यंत निकाल लागलेला पाहिजे.

पदवी कुठली, याची फार काळजी नको. गोवर्धनच्या मुक्त विद्यापीठातून नोकरी करत करत घेतलेली पदवीही या परीक्षांना चालते. टायपिंगकडे मात्र आत्ताच बघा. राज्याच्या लिपिक-टंकलेखक पदाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिटाचं प्रमाणपत्र लागतं, आणि एमपीएससी वर स्वतःची टंकलेखन चाचणीही घेते. हा कोर्स साधारण सहा महिन्यांचा, मग परीक्षा, मग निकाल. जाहिरात आल्यावर क्लास लावणारा त्या वर्षी बाहेरच. उलट एमएस-सीआयटी या संगणक कोर्सचं. तलाठ्याच्या जाहिरातीत ते नेमणुकीनंतर दोन वर्षांत करायची मुभा होती. एक अट आधीची, एक नंतरची. अशा अटी जाहिरातीच्या पीडीएफमध्ये वेगवेगळ्या पानांवर विखुरलेल्या असतात.

माझी चूक

मी वंजारी. राज्यात एनटी-ड, म्हणजे भटक्या जमातींतला एक गट. पदवीनंतर पहिल्यांदा केंद्राचा फॉर्म भरायला एका नेट कॅफेत बसलो. प्रवर्गाच्या यादीत एनटी-ड शोधतोय, सापडेना. एससी, एसटी, ओबीसी आणि खुला, एवढंच. कॅफेवाल्याला विचारलं, तो म्हणाला, "नसेल तर जनरल टाका." मी टाकलं. पुढं निकाल लागला तेव्हा खुल्याच्या कट-ऑफला थोडक्यात राहिलो आणि ओबीसीच्या कट-ऑफच्या बराच वर होतो.

केंद्रात व्हीजेएनटी (विमुक्त जाती, भटक्या जमाती) असा वेगळा गट नाही. राज्यात एनटी-ड असलेला वंजारी किंवा एनटी-क असलेला धनगर केंद्राच्या यादीत ओबीसी आहे. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि जाहिरातीच्या परिशिष्टात जे होतं ते मी वाचलं नव्हतं. दोष कॅफेवाल्याचा नाही.

मराठा मुलांचं आणखी वेगळं. २०२४ चं १० टक्के एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आरक्षण राज्यापुरतं आहे. केंद्राच्या फॉर्ममध्ये ते चालत नाही. तिथं उत्पन्नाच्या आणि मालमत्तेच्या अटींत बसत असाल तर ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), आणि त्याचा दाखला केंद्राच्या नमुन्यात, चालू वर्षाचा. ओबीसींनाही केंद्रासाठी नॉन-क्रिमिलेअर (उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला) वेगळ्या नमुन्यात लागतं. सेतूत जाऊन नुसतं "नॉन-क्रिमिलेअर द्या" म्हटलं की राज्याचं मिळतं. "केंद्राच्या नोकरीसाठी" हे शब्द तोंडानं उच्चारा. शक्य असेल तर जाहिरातीमागचा नमुना छापूनच न्या.

बाकी कागदांची यादी सगळ्यांना तोंडपाठ असते: अधिवास, जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, गुणपत्रिका. दोन गोष्टी राहून जातात. दहावीच्या सर्टिफिकेटवरचं आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर सारखं आहे का ते आज बघा. आईचं नाव, 'राव', 'बाई', स्पेलिंगमधला एखादा 'एच', यावर डीव्हीत म्हणजे कागदपत्र पडताळणीत पोरं अडकलेली मी पाहिली आहेत. दुसरं म्हणजे दाखल्याची तारीख. नॉन-क्रिमिलेअरवर ते कुठल्या काळासाठी वैध आहे हे छापलेलं असतं, आणि जाहिरातीत त्याची वैधता कधीची हवी तेही. दोन्ही कागद शेजारी ठेवून बघायचं, एवढंच काम आहे. (टी.वाय.च्या पोरालाही लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, दोनपेक्षा जास्त अपत्यं नाहीत म्हणून. भाची यावर बराच वेळ हसत होती.)

तो तक्ता

जाहिरातीतलं सगळ्यात न वाचलं जाणारं पान म्हणजे आरक्षणाचा तक्ता. उभ्या रकान्यात एससी, एसटी, व्हीजे-अ, एनटी-ब अशी नावं, आडव्यात सर्वसाधारण, महिला, खेळाडू, माजी सैनिक, प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त, अंशकालीन, अनाथ, दिव्यांग. एकूण ३०० जागा पाहून फॉर्म भरणारा माणूस प्रत्यक्षात आपल्या चौकटीतल्या ४ जागांसाठी लढत असतो.

जातीचं आरक्षण उभं, महिला-खेळाडू वगैरे आडवं. आडव्याला समांतर आरक्षण म्हणतात. समजा ओबीसीच्या १० जागा आहेत, त्यात ३ महिलांसाठी. आधी गुणांनुसार ओबीसीचे वरचे १० जण निवडायचे. त्यात ३ मुली गुणांवरच आल्या असतील तर आणखी काही करायचं नाही, महिलांचा कोटा भरला. एकच आली असेल तर त्या दहातले तळाचे दोन मुलगे बाहेर जातात आणि यादीतल्या पुढच्या दोन मुली आत येतात. म्हणजे महिलांच्या ३० टक्के जागा दहाच्या बाहेर वेगळ्या काढलेल्या नसतात, त्या दहातच असतात. हे कळलं की 'तिला माझ्यापेक्षा कमी गुण असून ती लागली कशी' हा अभ्यासिकेतला नेहमीचा वाद निम्म्यानं मिटतो. उरलेला निम्मा चहावर चालू राहतो.

आपल्या चौकटीत किती जागा आहेत यावरून एक निर्णय खरोखर घ्यायचा असतो: जिल्हा कुठला. तलाठ्यासारखी पदं जिल्ह्याच्या संवर्गातली असतात आणि अर्ज एकाच जिल्ह्यात करता येतो. पोलीस शिपायालाही एका पदासाठी एकच घटक, मग नाशिक शहर की नाशिक ग्रामीण हे आधीच ठरवा. घर पंचवटीत आहे म्हणून नाशिकच टाकणारे खूप असतात. पण पेठ-सुरगाण्यासारख्या पेसा (अनुसूचित क्षेत्रासाठीचा कायदा) भागातल्या ठरावीक संवर्गांच्या जागा स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांसाठी असतात. त्या वजा करून उरलेल्या जागा मोजा, शेजारच्या जिल्ह्याचा तक्ता बघा, मग ठरवा.

गुणांबद्दल एकच गोष्ट. परीक्षा अनेक सत्रांत होते, कुणाला सोपा पेपर येतो, कुणाला अवघड. ते सारखं करायला नॉर्मलायझेशन करतात. तलाठी भरतीच्या जानेवारी २०२४ च्या निकालात त्यामुळेच एकाला २०० पैकी २१४ गुण दिसले आणि राज्यभर गदारोळ झाला. सूत्रावर वाद घालता येईल, पण आपले कच्चे गुण मोजून 'मी लागलोच' असं गावभर सांगू नका. ती भरती २०२३ च्या जूनमध्ये निघाली, परीक्षा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झाली, निकाल जानेवारीत. हा वेग बरा म्हणायचा.

पोलीस भरतीवाल्यांना ग्राउंडचं वेगळं सांगायला नको. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर पहाटे पाचला जाऊन बघा. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, मग १०० मीटर आणि गोळाफेक, मिळून ५० गुण. लेखी १००. लेखीला एका जागेमागे दहाच जण बोलावतात, त्यामुळे ग्राउंडचा एकेक गुण महाग. उंची मुलांना १६५ आणि मुलींना १५५ सेंटिमीटर लागते. धावायला लागण्याआधी भिंतीला पाठ टेकून ती मोजून घ्या. सहा महिने पळून उंचीत बाहेर पडलेला मुलगा मी पाहिला आहे.

नोकरीसारखं दिसणारं

सगळ्याच जाहिराती कायमच्या नोकरीच्या नसतात. 'मानधन', 'कंत्राटी', 'निव्वळ तात्पुरत्या स्वरूपात', '११ महिने' यांतला एक जरी शब्द दिसला तरी ती पेन्शन-भत्त्याची नोकरी नाही. वाईट आहे असं नव्हे, पण काय घेतोय ते माहीत हवं. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत २०२४ ला पोरं सरकारी कार्यालयांत बसली. बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये महिना. ते प्रशिक्षण होतं, पुढे कायम करण्याचं वचन त्यात कुठेच नव्हतं. एचएएलची अप्रेंटिसशिप तशीच. रेल्वेतल्या अप्रेंटिसशिपचा मात्र पुढे उपयोग होतो: रेल्वेच्या लेव्हल-१, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीच्या भरतीत ती रेल्वेत पूर्ण केलेल्यांना २० टक्के जागा राखीव असतात. टपाल खात्यातला ग्रामीण डाक सेवक दहावीच्या गुणांवर, परीक्षेशिवाय लागतो. 'परीक्षा नाही' या फॉरवर्डमध्ये कधी कधी एवढंच खरं असतं. पण तोही नियमित सरकारी कर्मचारी नाही. १०,००० किंवा १२,००० पासून सुरू होणारा भत्ता त्याला मिळतो.

कायम नोकरीतला सुरुवातीचा मूळ पगार तुलनेला ठेवा: लिपिक-टंकलेखक १९,९००, पोलीस शिपाई २१,७००, तलाठी आणि कर सहायक २५,५००, पीएसआय ३८,६००. महागाई भत्ता, घरभाडं यावर.

आणि पैसे मागणारे. "साहेबांची ओळख आहे, मुलाखतीत बघून घेतील" असं कुणी म्हटलं तर त्याला विचारा, कुठल्या मुलाखतीत? केंद्राच्या गट-क आणि अराजपत्रित गट-ब पदांच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंद आहेत. राज्यातही तलाठ्याला मुलाखत नाही, लिपिकाला नाही. जिथं मुलाखतच नाही तिथं ओळख लावणार कुठं? फॉर्मची लिंकही कधी ग्रुपवरून उघडू नका. आयोगाचं किंवा खात्याचं संकेतस्थळ स्वतः टाइप करून उघडा आणि तिथं जाहिरात क्रमांक सापडतो का बघा.

भाचीचा तो ४९९ चा फॉर्म अर्थातच भरला नाही. त्या आठवड्यात तिनं सिन्नरला टायपिंगचा क्लास लावला, आणि केंद्राच्या नमुन्यातल्या दाखल्यासाठी तहसीलला अर्ज टाकला. परवा रात्री तिचा फोन. एक खरी जाहिरात तिनं छापून आणली होती, पेन्सिल घेऊन वाचत होती.

"मामा, पान अकरावर लिहिलंय, टंकलेखन प्रमाणपत्र अर्जाच्या अंतिम दिनांकास धारण केलेलं असावं. माझी तर परीक्षाच नंतर आहे. म्हणजे हा सोडायचा ना?"

"सोड."

"बरं. मग आता पान बारा."